टांगलेल्या नळ्यांचा नाद

शंभर वर्षांच्या अमेरिकन दुनळी बंदुकीच्या नळ्यांमधली सुटलेली पट्टी मी पहिल्यांदाच एकट्याने कथील वितळवून झाळली होती. बंदुका दुरुस्त करायच्या आमच्या दुकानाचे म्हातारे मालक अशा नळ्या दोरीला टांगून लाकडी दांडीने हलकेच ठोकतात. झाळ कच्ची असली की त्या खरखरतात. खरखरल्या तर माझ्या हातात पुन्हा झाडू, ही धास्ती.

त्यांनी ठोकलं. घंटेसारखा नाद उठला आणि तरंगत राहिला. वाटलं, ही बंदूक खांद्यावर घेऊन धुक्यात हिंडलेला शिकारी कधीच गेला, पण लोखंड अजून ओ देतंय.

"माझे कान गेले रे," मालक म्हणाले. "नीट वाजतंय का, तूच सांग."

सातवीत शाळा सोडली, तेव्हापासून मला असं कुणी विचारलंच नव्हतं. गावापासून इतक्या लांब हा माणूस माझ्या कानांवर भरवसा टाकून उभा होता.

"अजून वाजतंय," मी म्हणालो.