काळ्या दोऱ्यातली चार नाणी

मी जुनी नाणी जमवते हे धुळ्यातल्या एका चांदीवाल्या नानांना चांगलं ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतून येणारी चांदीची मोड ते विकत घेतात आणि वितळवायला पाठवतात. मोडीत एखादं नाणं सापडलं की बाजूला काढून मला फोन करतात. बहुतेक वेळा ते राणीछाप रुपयेच निघतात आणि मी ते घेत नाही. मागच्या उन्हाळ्यात मात्र ते फोनवर म्हणाले, “मॅडम, ठशांची आहेत. या लवकर.”

शाळेला सुट्टी लागली होती. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, जेवायला वाढून मी जळगावहून धुळ्याची बस धरली.

ठशांची नाणी म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी चांदीची नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे आणि त्यांवर एकेक चिन्ह ठोकायचं, अशी ती केलेली. ना राजाचा चेहरा, ना अक्षर. माझ्याकडे अशी थोडी आहेत, पण नानांनी काउंटरवर ठेवली तशी नव्हती. काळ्या दोऱ्यात ओवलेली चार नाणी. प्रत्येकाला वर बारीक कडी जोडलेली. एकावरचा हत्ती इतका स्वच्छ होता की सोंडेचा बाकसुद्धा दिसत होता.

मी भिंग लावून कडा तपासल्या. ओतकामाची रेघ नव्हती, म्हणजे नकली नव्हती. मग उलटी केली आणि थांबले. या नाण्यांच्या पाठीवर बारीक बारीक ठसे असतात. इथे काहीच नव्हतं. चारही पाठी गुळगुळीत झाल्या होत्या.

“जमिनीतून निघालेली असतील तर मला नकोत,” मी म्हणाले. “ती सरकारात जमा करावी लागतात.”

“छे हो, घरातली आहेत. शिरपूरच्या पुढच्या गावातली बाई घेऊन आली होती. तिच्या सासूच्या सासूपासून आहेत म्हणाली.”

मला ती हवी होती. हत्तीसाठी हवी होती. पण कडी जोडलेलं आणि पाठ झिजलेलं नाणं संग्रहात उणं धरतात, म्हणून मी घुटमळत होते. माझं तोंड बघून नाना म्हणाले, “जांगड घेऊन जा. बघा चार दिवस घरी. पटलं तर ठेवा, नाही तर परत द्या.”

मी ती पर्समध्ये टाकून घरी आणली.

आबा मूळचे असोद्याचे. सगळा जन्म केळीच्या बागेत गेला. पाय थकल्यावर आमच्याकडे राहायला आले. ऐकू कमी यायचं आणि अलीकडे त्यांना माणसं दिसायची. वारलेला भाऊ दिसायचा, विकलेले बैल दारात दिसायचे. मी त्यांच्याशी वाद घालत नसे. “हो आबा, बांधते बैल,” म्हणायचे आणि कामाला लागायचे.

नाणी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आबांनी हाक मारली, “व सूनबाई, कोनाची पोर व ते?”

“कोणती पोर, आबा?”

“ते काय, कपाटाजोळ बसली. तिले भूक लागली असन. केळं दे तिले एक.”

मी बाहेर येऊन बघितलं. कपाटाजवळ कुणीच नव्हतं. मी केळं आणून त्यांच्या हातात दिलं, कारण तसं केलं की ते शांत व्हायचे. त्यांनी ते सोललं, अर्धं मोडलं आणि खाली वाकून फरशीवर ठेवलं.

तोवर मला काही वाटलं नव्हतं. लहान मूल त्यांना आधी कधी दिसलं नव्हतं, हे खरं. पण म्हातारपणाला काय, आज बैल, उद्या मूल.

संध्याकाळी नाण्यांचं वजन करावं म्हणून मी ती कपाटातून काढली. वजनासाठी दोरा सोडवावा लागणार होता, म्हणून पहिल्यांदाच मी दोऱ्याकडे नीट बघितलं. तो गळ्यातला नव्हता. करदोडा होता. टेबलावर गोल मांडला तर माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढाच. आणि तो एकसंध नव्हता. मूळ दोऱ्याला पुढे नवा तुकडा गाठ मारून जोडला होता, आणि त्याच्या पुढे आणखी एक, जरा वेगळ्या काळ्या रंगाचा. मूल वाढत गेलं तसा आईने दोरा वाढवत नेला होता. तिसरा तुकडा मात्र नव्हता. दोरा कात्रीने कापलेला होता.

पाठी कशाने झिजल्या ते मला कळलं. त्या घरात जन्मलेल्या एकेका लेकराच्या कमरेवर, कातडीला घासून.

मी नानांना फोन लावला. “नाना, हा करदोडा कुणाचा?”

ते म्हणाले, “लहान मुलगी होती त्या बाईची. तापात गेली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती, मॅडम.”

मुलगी. मी आबांच्या खोलीकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून निवांत पडले होते. त्यांना नाणी मी दाखवलीसुद्धा नव्हती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळेत इतिहास शिकवते. तरी पुढचे दोन दिवस मी कपाटाच्या खोलीत जाताना उगाच खाकरायचे. आबा रोज दुपारी अर्धं केळं फरशीवर ठेवायचे आणि मी ते उचलायचे. उचलताना ते खाल्लेलं नाही ना हे बघायचे. मग स्वतःवर चिडायचे.

नाणी परत करायची असं मी ठरवलं, पण नानांना नाही. नाना ती दुसऱ्या कुणाला विकतील, तो कड्या तोडून दोरा फेकून देईल. ज्या बाईची होती तिलाच द्यायची, नानांचे पैसे मी चुकते करायचे. शेजारणीला आबांपाशी बसवून मी निघाले. नानांकडून गावाचं नाव घेतलं आणि शिरपूरला उतरून रिक्षा केली. डोंगराच्या पायथ्याचं, कापसाच्या शेतांतलं गाव. ती बाई अंगणात शेंगा फोडत होती. माझ्यापेक्षा बरीच लहान. मी रुमाल उघडला तशी ती उठून उभी राहिली आणि दोन पावलं मागे सरकली.

“तुमची आहेत. परत आणलीत,” मी म्हणाले. “पैसे नकोत.”

“नको, ताई. हाई माले परत नको.” तिने हात पदराखाली घेतले. “जठे ठेवं तठे वाजेत. डबामा ठेवात, पेटीमा ठेवात. ती चाले तवय वाजेत ना, तशाच.”

तिच्या जावेला बाळ झालं होतं आणि सासूला वाटत होतं की करदोडा त्या बाळाला बांधावा. हिच्याने ते बघवेना. वितळवायलाही हिचा जीव होईना. “आगमा टाकू नका, इतलंच सांगं मी त्या भाऊले,” ती म्हणाली. मग थोडी जवळ आली. “तुमनाकडे आखो असा पैसा शेतस ना?”

“आहेत, अशी आणखी थोडी नाणी आहेत.”

“मंग तेस्नासंगे ठेवा. एकली नका ठेवा. दिनभर घरमा कोन ऱ्हास?”

“सासरे असतात,” मी म्हणाले. आणि तिथेच थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं. “त्यांना ती दिसते. कपाटाजवळ बसलेली. तिला केळं देतात.”

मला वाटलं ती किंचाळेल, नाही तर मला हाकलून देईल. ती खाली बसली. शेंगांची टोपली उगाच जवळ ओढली. मग मान वर न करता तिने विचारलं, “काय बोलनी का ती?”

“नाही,” मी म्हणाले. “म्हणजे, आबांना ऐकू येत नाही नीट.”

तिने मान हलवली. मला चहा केला. मी निघताना तिने नाण्यांना हात लावला नाही, पण रुमालाची गाठ मात्र सैल करून परत बांधून दिली. घट्ट होती म्हणाली.

परतताना मी धुळ्यात उतरून नानांकडे गेले आणि ठेवते म्हणून सांगितलं. कड्या काढलेल्या नाहीत, दोराही तसाच आहे. एक जुना संग्राहक मित्र घरी आला होता. हत्ती बघून तो बदल्यात काहीही द्यायला तयार झाला. “पण ही घाण काढून टाका आधी,” दोऱ्याकडे बोट करून तो म्हणाला. मी कपाट लावून घेतलं. त्यानंतर तो आलेला नाही.

आबा दिवाळीच्या आधी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना आम्हीही ओळखू येत नव्हतो, पण त्या मुलीबद्दल मात्र विचारायचे. आता घरात तिच्याबद्दल विचारणारं कुणी नाही. मला ती कधी दिसली नाही. वाजण्याचा आवाजही मी कधी ऐकला नाही, आणि मी कान देऊन ऐकते.

पण दुपारी बाहेर जायचं असलं की कपाटाच्या खोलीतला पंखा मी बंद करत नाही.