सासऱ्यांनी वाचलेले खांब

माझे सासरे एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि गेल्या एप्रिलपर्यंत त्यांनी सोमनाथपूरचं देऊळ पाहिलेलं नव्हतं. जन्म म्हैसूरचा, राहणं अग्रहारात, आणि देऊळ गाडीने तासाभराच्या वाटेवर. पण "ते कुठं पळून जातंय, इथंच आहे की," असं म्हणता म्हणता त्यांची सगळी वर्षं निघून गेली.

मी नाशिकची. लग्न होऊन सोळा वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा मला त्यांचं मराठी कळायला सहा महिने लागले होते. घर मराठी, पण कित्येक पिढ्या म्हैसूरला. बोलणं निम्मं कन्नड, आणि उरलेलं माझ्या पणजीच्या काळातलं. तेव्हा ते खूप बोलायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांचं बोलणं आटलं. त्यात कान गेलेले. रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कातायच्या यंत्रावर, टर्नर होते, त्या आवाजाने घेतले. कानाचं मशीन होतं, पण ते कायम शर्टाच्या खिशात. ऐकण्यासारखं आता काय उरलंय, असा त्यांचा एकूण चेहरा असायचा.

म्हैसूरच्याच गोकुलम भागातलं एक छोटं मंडळ सुट्टीत आजीआजोबा आणि नातवंडांसाठी तीन दिवसांची अभ्याससहल काढतं, असं मला लेकीच्या शाळेत कळलं. एक दिवस नदीवरचे पक्षी, एक दिवस देऊळ, एक दिवस हुणसूरच्या पुढचं जंगल. मी तिघांची नावं दिली. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "सुम्ने, उगाच कशाला गं? या वयात मला परत शाळा कशाला मत्ते?"

दहा वर्षांची माझी लेक त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "अज्जा, तू नाय आला तर मी पण नाय!"

त्यामुळे आले.

पहिल्या दिवशी रंगनतिट्टूला होडीत बसलो. बेटावरच्या झाडांवर चित्रबलाकांची एवढी घरटी होती की फांद्या दिसत नव्हत्या. मोठी झालेली पिल्लं पंख पसरून उभी होती आणि त्यांच्या आया उन्हाकडे पाठ करून त्यांच्यावर सावली धरत होत्या. नावाड्याने वल्ही थांबवली. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, वाया गेली ही सहल.

दुसऱ्या दिवशी सोमनाथपूर. एप्रिलचं ऊन, आणि चपला बाहेर काढायच्या. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. सगळी म्हातारी माणसं आणि मुलं काथ्याच्या पट्टीवरून टुणटुणत पळत आत शिरली आणि एकमेकांना हसली. आत मंडपात गारवा आणि अंधार. जाळ्यांमधून येणारा उजेड खांबांपर्यंत पोचेपर्यंत विरून जात होता.

आमच्याबरोबर इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या छताकडे बोट दाखवून प्रत्येक खणातलं कमळ कसं वेगळं आहे ते सांगत होत्या. मग खांबांकडे वळल्या. "हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. हवा लागली की हळूहळू घट्ट होतो. हे खांब लेथवर फिरवून केले असावेत. कसे फिरवले, ते मात्र कुणाला नक्की माहीत नाही."

एक आजोबा जांभई देत होते. सासरे एका कोपऱ्यात पायरीवर बसले होते. लेक धावत त्यांच्याकडे गेली.

"अज्जा, लेथ! मॅडम लेथ म्हणतायत!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून मशीन काढलं, कानात घातलं आणि उठले.

खांबाजवळ जाऊन ते नुसते उभे राहिले. खांब म्हणजे एकावर एक रचलेल्या वाट्या, घंटा आणि तबकड्या वाटाव्यात असा, पण सगळा एका दगडाचा, काळा आणि गुळगुळीत. हात लावू नका असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ते हात मागे बांधून उभे होते. मला म्हणाले, "मोबाइलची बत्ती लाव. समोरून नको. बाजूनं, अशी चिकटून."

मी उजेड खांबाला घासून टाकला आणि गुळगुळीत दिसणाऱ्या त्या दगडावर केसांएवढ्या बारीक रेघा उमटल्या. एकाखाली एक, शेकडो, खांबाला पूर्ण वळसा घालून गेलेल्या.

"नोड," ते नातीला म्हणाले. "बघ. सुरुवात कुठं आहे सांग."

तिने खांबाभोवती चक्कर मारली. "नाय दिसत."

"दिसणारच नाही. छिन्नीनं केलं असतं तर दिसलं असतं. जॉब, म्हणजे हा दगड, फिरत होता आणि माणसाचा हात थांबलेला होता."

मॅडम जवळ आल्या होत्या. पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?"

"टर्नर," सासरे म्हणाले, आणि शेजारच्या खांबाकडे गेले. मी बत्ती घेऊन मागे. बराच वेळ त्यांनी एका खोबणीची कड पाहिली, परत पहिल्या खांबाकडे आले, पुन्हा दुसऱ्याकडे गेले. मग म्हणाले, "हा एका माणसानं केलाय. आणि हा दुसऱ्यानं."

"कशावरून?"

"हा हत्यार दाबून धरतो. कड बघा, कशी उभी आहे. हा हलक्या हाताचा, कडेला येताना सोडून देतो. आमच्या खात्यात वीस मशीनं होती. तयार जॉब बघून मी सांगायचो, कुणाच्या हातचा."

आता सगळे गोळा झाले होते. जांभई देणारे आजोबा पुढे येऊन वाकून बघत होते. मॅडमनी हळूच विचारलं, "या दोघांबद्दल आणखी काय सांगाल?" कोपऱ्यातल्या दुकानातल्या कुणाबद्दल विचारावं तशा त्या बोलल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. साडेसातशे वर्षांपूर्वीची दोन माणसं. त्यांतलं एक दाबून काम करणारं, एक हलक्या हाताचं.

सासरे दाबणाऱ्याच्या खांबापाशी खाली बसले. तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर त्यांनी मला उजेड धरायला सांगितला. तिथल्या रेघा सरळ नव्हत्या. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात त्या थरथरल्या होत्या, वाऱ्याने पाण्यावर उठतात तशा.

"इथं दगड हलला," ते म्हणाले. "नाहीतर फिरवायचा दोर सैल पडला असेल. यानं लगेच थांबवलं. मग पुन्हा हलक्यानं हत्याराचा एक हात फिरवला. खूण गेली नाही सगळी."

मॅडमही फरशीवर बसल्या. त्या इतकी वर्षं गट घेऊन येतात, पण हा पट्टा त्यांनी कधी पाहिला नव्हता, असं त्या म्हणाल्या.

"त्याला काय वाटलं असेल, अज्जा?" लेकीने विचारलं.

"भीती. आमचं लोखंड बिघडलं तर वितळवता येतंय. एवढा मोठा दगड परत कुठनं आणणार?" मग म्हणाले, "पण वाचवला की त्यानं. उभा आहे अजून."

दोन वर्षांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. मला तिथे वाकून उभं राहवेना. मीही खाली बसले आणि त्या थरथरलेल्या रेघांकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर मॅडमनी भिंतीवरच्या मूर्तींखाली कोरलेली शिल्पकारांची नावं दाखवली. सासऱ्यांनी विचारलं, "खांबवाल्यांची?"

"ती नाहीत."

"नसणारच," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशेजारी बसले. सोळा वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी 'निवृत्त टर्नर' लिहीत आले होते आणि ते नेमकं काय करत होते हे एकदाही विचारलं नव्हतं. मला त्याची लाज वाटली. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कारखान्यात काय बनवायचात?"

"डब्यांच्या चाकांचे आस. दोन चाकांच्या मधला दांडा." त्यांनी हाताने लांबी दाखवली. "जुने, झिजलेले यायचे, ते कातून परत सुतात आणायचे. केसाएवढंही इकडंतिकडं चालायचं नाही. वर माणसं बसतात की."

"अजून असतील ते कुठे?"

"काही असतील. कुठल्या गाडीखाली, ते देवाला माहीत."

मी बाहेर बघत राहिले. उसाची शेतं, कालवा, घरी परतणाऱ्या बायका. या शांत माणसाच्या हातून गेलेल्या दांड्यांवरून किती लोक कुठे कुठे गेले असतील. त्यांतले काही गावी, काही बाळंतपणाला, काही नोकरीला.

तिसऱ्या दिवशी जंगलात त्यांनी मशीन कानातून काढलं नाही. पहाटेच्या धुक्यात हत्तींचा कळप रस्ता ओलांडून गेला. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी हत्तीण आमच्या गाडीकडे बघत क्षणभर उभी राहिली, मग गवतात शिरली. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. "काय गं तिचं पाऊल," सासरे कुजबुजले. "एवढं वजन, पण आवाज नाही."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी डायरी काढून कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना फोन लावले. काहीजण गेले होते, हे त्यांना फोनवरच कळलं. जे होते त्यांतले चौघे तयार झाले. जूनमध्ये एक व्हॅन ठरवून पाच म्हातारे आणि मी सोमनाथपूरला गेलो. मॅडम मुद्दाम आल्या होत्या, वही घेऊन.

सासऱ्यांनी त्यांना ते दोन खांब दाखवले. एकाने मान्य केलं. दुसरा म्हणाला, दोन नव्हेत, तीन माणसं आहेत, आणि त्याचं सासऱ्यांशी चांगलंच वाजलं. मॅडम भराभर लिहीत होत्या. त्यांच्यातला एक जण कारखान्यात क्रेनवर होता. त्याला खांबांत काही रस नव्हता. तो मघापासून मान वर करून छताच्या तुळयांकडे बघत होता. शेवटी त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि वर बोट केलं.

"ते असू दे," तो म्हणाला. "हे वर चढवलं कुणी?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.