फेसाचा न्याय

काज करायची म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणत. नाव होतं, पण नावानं हाक मारायला त्या दुकानात कुणाला सवड नव्हती. शिवणाच्या दुकानाची मागची खोली, भिंतीकडेला शिलाईची मशीनं, मधोमध लांबलचक टेबल, त्यावर धुतलेली चादर आणि चादरीभोवती खाली माना घालून बसलेल्या बायका. तिथं समारंभाचे पांढरे रेशमी पोशाख शिवत. काजवालीचं काम सगळ्यांत शेवटचं. शिवून, इस्त्री होऊन पोशाख तिच्यापुढे यायचा आणि ती त्या गुळगुळीत रेशमाला कात्रीनं छेद द्यायची. हात चुकला तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. पण काज असं उतरायचं, की बटणानं आपल्या पायांनी चालत घरात शिरावं.

बाई कामाला वाघ, बोलायला मुकी. हसताना तोंडावर हात, कारण पुढचे दात बसवलेले. आधीच्या दुकानात ती जाड काळ्या कोटांवर काज करायची, आणि काळ्यावर काय दिसतंय? इथं नवीनच आली होती. कापणारे मास्तर तिच्यावर खूश, म्हणून टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या काकू म्हणायच्या, "कानामागून आली नि तिखट झाली." हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

आता त्या दुकानाचा कायदा ऐका. टेबलापाशी खाणंपिणं बंद; चहा प्यायचा तो बाहेर जिन्यात. पण सुई काही कायदा मानत नाही. बोट टोचायचंच, रेशमावर रक्ताचा टिपका पडायचाच. तो पडला की मास्तर कपाटातून पेरॉक्साइडची बाटली काढत. जखम धुवायला वापरतात तेच ते औषध. थेंब टाकला की टिपक्यावर चुरचुर करत पांढरा फेस उठायचा, आणि फडक्यानं टिपला की डाग गायब. फेस आला म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे माफ. फेस नाही आला तर तो चहा नाहीतर तेल, म्हणजे निष्काळजीपणा, म्हणजे चारचौघींत बोलणी. मास्तर म्हणत, "माणूस खोटं बोलेल, फेस खोटं बोलत नाही." वर्षानुवर्षं हा न्याय चालला होता. ज्याचं काही बिघडत नाही, त्याला कुठलाही न्याय गोडच लागतो.

एक दिवस सकाळी काजवालीचं बोट टोचलं. चोखलं, कामाला लागली. चहाची सुट्टी संपवून आल्यावर पाहते तो पोशाखाच्या गळ्यापाशी वाळलेला टिपका. ती आपणहून मास्तरांकडे घेऊन गेली.

"मास्तर, सकाळी बोट टोचलं होतं. इथं लागलंय बघा."

"लागू दे. आण इकडे."

थेंब पडला. फेस आला नाही. टिपका बघता बघता काळपट झाला. मास्तरांनी आणखी एक थेंब टाकला, तर आणखी काळा.

"हा चहा आहे."

"चहा कुठला, मास्तर? रक्त आहे माझं."

"आत्ता चहाच पिऊन आलीस ना?"

"जिन्यात प्यायले. हे बोट बघा की."

"बोट टोचलं असेल. डाग त्याचा नाही."

काकू म्हणाल्या, "रक्तात दूध घालायला विसरली असेल." टेबल हसलं.

मालकीणबाई आल्या. त्यांना आपल्या सरळपणाचा मोठा अभिमान. "हे बघ, डागाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "चहा सांडला असं म्हण, विषय संपला. खोटं तेवढं मला खपत नाही."

म्हणजे बघा. खरं बोलली तर खोटारडी, आणि खोटं बोलली की विषय संपला. असल्या सरळपणाला काय म्हणावं?

"नव्हता चहा," काजवाली म्हणाली.

"मग कबूल करायचं असेल तेव्हाच ये."

घरी आई दोरीवरचे कपडे काढत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हण की चहा होता. चहानं काय अब्रू जाते? आपण गप्प बसलं की लोक थकतात."

"लोक नाही थकत, आई. आपण थकतो."

दुसऱ्या दिवशी ती कबूल करायला नव्हे, दाखवायला गेली. टेबलावरची एक पांढरी चिंधी उचलली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोटात सुई खुपसली, रक्त चिंधीवर टेकवलं. "टाका, मास्तर." मास्तरांनी टाकलं. फेस नाही, नुसता काळा डाग. मास्तरांना वाटलं बाटली शिळी झाली. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं, तर उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तुम्हाला वाटेल, आता माफी मागतील. छे. काकूंनी आपली कात्री हळूच पलीकडे ओढली. "बाई गं, हिचं रक्तच नासलंय." आणि मालकीणबाई दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, "आजार होता तर आधी नाही का सांगायचं? डॉक्टरला दाखव. तोवर टेबलाला हात लावू नकोस."

काल खोटारडी, आज रोगी. मधल्या मधे घटकाभर तरी खरी ठरेल, तर तेही नाही.

ती गेली तिचे दात बसवणाऱ्या डॉक्टरांकडे. आई बरोबर होती. डॉक्टरांनी तिचं रक्त काचेवर घेऊन थेंब टाकला आणि त्यांचे डोळे लकाकले. "हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. फोटो काढू का?"

"आधी मला काय झालंय ते सांगा," ती म्हणाली. जो तो आपलंच बघतो, त्याला डॉक्टर तरी काय करणार?

रक्त मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर आल्यावर डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून नीट सांगितलं. रक्तात कॅटलेज नावाचा एक पदार्थ असतो. पेरॉक्साइड आलं की तो त्याला मोडून टाकतो, त्याचाच फेस होतो. तो पदार्थ कसा बनवायचा ते शरीराला सांगणारं जनुक असतं, आणि हिच्यात तेच जन्मतः बिघडलेलं. "तोंडातले जंतूसुद्धा थोडं थोडं पेरॉक्साइड बनवत असतात. बाकीच्यांचं रक्त ते जागीच मोडतं, हिचं मोडू शकत नाही. म्हणून लहानपणी हिरड्या सडल्या आणि दात गेले. हा रोग कुणाला लागत नाही. फक्त हे औषध जखमेवर लावायचं नाही, आणि हिरड्या जपायच्या."

आई पुढे सरकली. "म्हणजे मी दात नीट घासून देत नव्हते म्हणून नव्हे?"

"अजिबात नव्हे."

हा प्रश्न आईच्या घशात पोरगी लहान असल्यापासून अडकला होता. पोरीचे दात पडायला लागले तेव्हा तिची आत्या भरल्या घरात म्हणाली होती, "आईच गलिच्छ, तर पोरीचं तोंड कसं राहील?" पुढे प्रत्येक कार्यात, प्रत्येक पंगतीत, पाहुण्यांना ओळख करून देताना तेच. आईनं एकदाही उलट शब्द काढला नाही. पोरीचे दात दोन वेळा घासून द्यायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत, आणि तरी दात पडायचे. मग वाटायचं, असेल बाई आपलंच चुकत.

"मग हे आलं कुठून?" आईनं विचारलं.

"थोडं तुमच्याकडून, थोडं हिच्या वडिलांकडून. जनुकाच्या दोन प्रती असतात, आईची एक नि बापाची एक. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच असं होतं. नुसत्या तुमच्याकडून आली असती तर हिचे दात शाबूत असते."

"ह्यांच्याकडूनही?"

"त्यांच्याकडूनही."

आई उठली. जिना उतरताना तिनं कठड्याला हात लावला नाही, एरवी दोन्ही हातांनी धरून उतरायची. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "चल. तुझ्या दुकानात मीही येते."

दुकानात मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कुणाला लागत नाही ना? मग झालं. बस कामाला. तुझी कात्री नि सुया तेवढ्या वेगळ्या डब्यात ठेव, काकूंना बरं वाटेल. आणि झालं गेलं विसरून जा."

काजवालीला आता भांडण नको होतं. तिनं स्टूल ओढलं.

"बसू नकोस," आई म्हणाली.

टेबलावरच्या माना वर झाल्या.

"आधी ही खोटारडी होती. मग रोगी झाली. आज कोण आहे, ते ह्या सगळ्यांना सांगा. मग बसेल."

"मावशी, बस म्हटलं ना तिला," मालकीणबाई म्हणाल्या.

"बस हे उत्तर नव्हे."

मास्तर मशीनवर होते. मान न उचलता पुटपुटले, "रक्तच होतं ते."

"मोठ्यानं बोला. मशीन चालू आहे."

मास्तरांनी पायडलवरून पाय काढला. मग शेजारचं मशीन थांबलं, मग त्याच्या पलीकडचं. मास्तर उभे राहिले. म्हातारा माणूस, उभं राहायला वेळ लागला. "डाग रक्ताचा होता," ते म्हणाले. "ती पहिल्यापासून खरं सांगत होती. चूक माझी."

काकूंनी कात्रीकडे पाहिलं, काजवालीकडे पाहिलं, आणि जराशा घुश्शातच म्हणाल्या, "मला काही वेगळा डबाबिबा नको. माझं नाव कशाला मधे?"

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. "चला, झालं ना समाधान? लागा कामाला."

पण मशीन एकही सुरू झालं नाही. आईनं पदर खोचला आणि लेकीनं ओढलेल्या स्टुलावर स्वतःच बसली.

"मास्तरांचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचं."