विहारातली पावसाळ्याची खोली

त्या रविवारी लेण्यात मी होते, माझी सून होती, वस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष होते, नकाशा काढणारा इंजिनियर होता आणि भंतेजी. बस, एवढेच. शीळफाट्याकडे आमच्या वस्तीतला पत्र्याचा विहार पाडून पक्का बांधायचा होता, म्हणून जुना विहार बघायला गेलेलो.

सगळा डोंगरात कोरलेला. मधी मोठा हॉल, तीन बाजूंनी बारक्या खोल्या, खोलीत झोपायला दगडाचाच ओटा. बाहेर पाण्याचं टाकं. भंतेजींनी सांगितलं, भिक्खू वर्षभर फिरायचे, पण पावसाळ्यात पिकं, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून तीन महिने एकाच जागी राहायचे. तो वर्षावास. त्यासाठी कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दान देऊन असे विहार कोरून घेतले. दान देणाऱ्यांत बायापण होत्या.

मी ओट्यावर हात फिरवला. नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन मी खाणीवर खडी फोडलेली. दगड किती दमवतो ते मला ठाऊक.

आमच्या घरी येऊन सगळ्यांनी नव्या विहाराचा नकाशा बघितला. हॉल होता, लग्नाला स्टेज होतं. भंतेजींना खोलीच नाही. अध्यक्ष म्हणाले, भंतेजी काय, कुणाच्याही घरी राहतील. कुणाच्या म्हणजे आमच्याच माळ्यावर. पत्रा गळायचा, ते पातेलं शेजारी ठेवून बसायचे. तक्रार नाही.

सून म्हणाली, "नवरदेव घटकाभर बसतो त्याला एवढं स्टेज, आणि भंतेजींनी तीन महिने बसायचं कुठं?"

मी म्हणाले, "खोली नसेल तर त्याला विहार म्हणू नका. हॉल म्हणा."

अध्यक्षांनी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "आजी, वाढीव कामाला मजूर कुठून आणू?"

"आम्ही बाया आहोत ना."

कामावरून आलं की बाया घमेली उचलायच्या. माझे गुडघे गेलेले, मी बसून विटा भिजवायचे. इंजिनियरने स्टेज लहान केलं. खोली उभी राहिली.

आत आम्ही हौसेनं लेण्यासारखा दगडाचाच ओटा केला. भंतेजी त्यावर बसले, हसले. "माई, माझी कंबर काय त्या काळातली नाही. गादी टाका."

टाकली. यंदाचा वर्षावास त्यांनी तिथंच केला.

आता लग्नाला हॉल पुरत नाही, पोरं कुरकुर करतात. त्यांचंही खरं आहे. मी सांगते आणि सून लिहिते, ते वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. माझ्यामागं हॉल वाढवा, वर मजला चढवा, पण ती खोली पाडू नका.