पहिली मात्रा सोडून

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. मागच्या महिन्यात मात्र एका मुलीनं विचारलं, आणि मी खोटं बोललो.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळात मी रविवारी सकाळी काही तरुणांना गाण्याला चाल लावायला शिकवतो. मुलं हुशार आहेत. मराठी गाणी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात आणि एकमेकांशी तेलुगूत भांडतात. मी त्यांना सांगतो, ओळ पहिल्याच मात्रेवर सुरू करू नका. ती तबल्याला द्या. तेवढ्यात श्वास घ्या, मग या. माणूस बोलताना जिथं थांबतो तिथं चालीलाही थांबू द्या, आणि जिथं घाई करतो तिथं करू द्या घाई.

"अंकल, हे तुम्ही खुद शोधलं?" त्या मुलीनं विचारलं.

"हौ," मी म्हणालो.

मी शोधलेलं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं आहे.

अक्का तारनाक्याला राहायची. मेहुणे रेल्वेत होते. मी बँकेत होतो, आणि बँकेतून उरलेल्या वेळात मंडळाचा संगीतकार. या जागेसाठी दुसरा उमेदवार नव्हता. माझ्या चाली तेव्हा फार शिस्तीच्या असत. केरव्याच्या आठ मात्रा, आठही भरलेल्या. प्रत्येक ओळ पहिलीवर चढायची आणि आठवीवर उतरायची. श्वास कुठं घ्यायचा हा गाणाऱ्याचा खाजगी प्रश्न आहे, असं माझं मत होतं.

एका दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी गाणं लिहिलं. रात्रभर वाट बघितलेली बाई सकाळी शेजारणीला सांगते आहे, 'दार उघडं होतं, कुणी आलं नाही.' पेटीवर बसवून ते अक्काला ऐकवायला गेलो. ती मेथी निवडत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मला ऐकूनच दम लागला रे. ही बाई शेजारणीला सांगायलीय का बस पकडायलीय?"

"मग कसं पाहिजे?"

"रात्रभर जागलेलं माणूस असं धाडकन तोंड उघडतं का?"

तिनं मेथीचं ताट बाजूला सरकवलं आणि डब्याच्या झाकणावर ठेका धरला. पहिला ठोका तसाच जाऊ दिला. मग "दार..." म्हणाली आणि थांबली. "उघडंच होतं की." पुन्हा थांबली. मग "कुणी आलंच नाही" हे एका दमात, जणू पटकन सांगून मोकळं व्हायचंय. दुसरी ओळ त्याच चालीनं चालली, फक्त जरा वरच्या सुरात. तिसरी मात्र कुठंच न थांबता दुपटीनं लांब गेली, आणि ती संपली तेव्हा मी पेटीचा भाता हलवायचा विसरलो होतो. तो 'की' आणि ते दोन 'च' माझ्या गाण्यात नव्हते.

"असं म्हन," ती म्हणाली आणि मेथी पुन्हा पुढं ओढली.

गाणं तिनंच म्हणायचं ठरलं. ती साडी घ्यायला कोठीच्या बाजारात गेली तेव्हा पिशवी धरायला मी बरोबर होतो. दुकानदार साडीवर साडी उलगडत होता आणि अक्का काउंटरवर बोटानं ठेका धरून होती. "नक्को भैया," ती म्हणाली, तेही पहिला ठोका सोडून, "रंग उतरता इसका." शेवटी तिनं एक हिरवी घेतली.

मग कळलं की कार्यक्रमाला पुण्याहून पाहुणे येणार आहेत, संगीतातले जाणकार. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना एक खोड आहे. घरात जसं येईल तसं बोलतो आणि पुण्याचा पाहुणा आला की जिभेला इस्त्री करतो. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी एकदाही 'हौ' म्हणालो नाही. मग मला अक्काचा 'की' ऐकू यायला लागला. पाहुणे हसले तर? मी गाणं मंडळातल्या एका नव्या सुनेला दिलं. ती माहेरची पुण्याची होती. 'की' काढला, दोन्ही 'च' काढले. मध्ये जागा रिकामी राहिली, म्हणून ओळ ओढून पहिल्या मात्रेवर आणली. आठही मात्रा पुन्हा भरल्या.

अक्काला फोन केला. "कमिटीनं ठरवलंय, गाणं दुसरं कुणी म्हणेल."

"कमिटीनं?"

"हो. कमिटीनं."

कमिटी होती. त्या आठवड्यात तिची बैठकही झाली होती. खुर्च्या कुणाकडून आणायच्या आणि वडे करायचे की समोसे, यावर बराच वाद झाला. गाण्याचा विषय निघाला नाही.

"सेक्रेटरीनं केलं असंल," अक्का म्हणाली. "त्यानंच म्हटलं होतं, माझी मराठी आधी उर्दूत शिजती म्हनून."

सेक्रेटरी एकदा गमतीनं तसं म्हणाले होते खरे. मी 'नाही' म्हणालो नाही.

कार्यक्रमाला अक्का आली. हिरवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. मी पेटीवर होतो. तबल्यावर पहिला ठोका पडला आणि अक्काचे खांदे वर गेलेले मला दिसले. तिनं श्वास घेतला होता. तोवर गाणारी अर्धी ओळ पार करून गेली होती. अक्कानं श्वास सोडला आणि पदर नीट केला.

नंतर पाहुणे वडा खाताना म्हणाले, "चाल व्यवस्थित आहे. पण बाई कुणाशी तरी बोलतायत असं वाटत नाही."

"अगदी बरोबर," मी शुद्ध मराठीत म्हणालो.

सेक्रेटरींची बायको अक्काची जुनी मैत्रीण. त्या संक्रांतीपासून अक्का त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली नाही. सेक्रेटरींनी मला रस्त्यात गाठलं. "अक्कांचं आमच्यावर काय बिनसलंय हो?"

"वय झालंय," मी म्हणालो. तेव्हा ती माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होती. सेक्रेटरी हे उत्तर घेऊनच गेले.

त्यानंतर अक्का गायली नाही. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायची. विचारलं की गळा बसलाय म्हणायची. घरात स्वतःच्या सुनेशी बोलताना तो बसलेला नसायचा. मी मात्र पुढच्याच वर्षी गाण्यात 'की' परत घातला, रिकामी मात्राही परत ठेवली. गाणं लोकांना आवडलं. अजून आवडतं. चाल माझ्या नावावर आहे.

सांगून टाकायचं म्हणून मी दर गुरुवारी तारनाक्याला जाऊ लागलो. बसमध्ये वाक्य तयार करायचो: 'अक्का, त्या कार्यक्रमाच्या वेळी जो निर्णय घेण्यात आला, त्याबाबत...' दार उघडलं की मी लगेच तोंड उघडायचो, आणि ती आधीच बोलत असायची. "चपला बाहेर काढ. जेवून आलास का?" मी जेवायचो.

एकदा तिनंच विचारलं. "ते गाणं म्हनतेत का रे अजून मंडळात?"

"म्हणतात."

"कसं म्हनतेत?"

आणि ती थांबली. वाढता वाढता पळी हातात धरून थांबली. इतकी जागा मला कुठल्याच गुरुवारी मिळाली नव्हती.

"वरण आहे का अजून?" मी विचारलं.

गेल्या थंडीत अक्का गेली.

त्या रविवारी 'हौ' म्हणून घरी आलो आणि बसमधलं वाक्य मोडून पुन्हा बांधायला बसलो. 'निर्णय' काढला, 'त्याबाबत' काढलं. पहिली मात्रा सोडली. जिथं ती थांबली असती तिथं थांबलो. आता ते एवढंच उरलं आहे.

अक्का... कमिटी नव्हतीच की. मीच होतो. चुकलं माझं.