बोक्याचे औषध फ्रिजबाहेर ठेवल्याबाबत

तक्रारदार: मी स्वतः. व्यवसाय अर्जनवीस, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव त्याच्या पुष्कळ पुढचा. राहणार हडपसर.

जिच्याविरुद्ध तक्रार: आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकू. मूळच्या पेठेतल्या, मुलाच्या नोकरीपायी आमच्या मजल्यावर आलेल्या, आणि आल्यापासून मजल्यावर उपकार केल्याच्या चेहऱ्याने वावरणाऱ्या.

घटनेचा काळ: मागल्या भाद्रपदात गौरी आल्या तो दिवस, जेवल्या तो दिवस आणि गेल्या तो दिवस.

साक्षीदार: माझी पत्नी, काकूंची सून, जी खरे बोलते परंतु सासूसमोर बोलत नाही, जनावरांचे डॉक्टर, आणि आमचा बोका, जो जबाब देण्यास असमर्थ आहे.

नावे मुद्दाम लिहीत नाही. आमच्या जिन्यात ती सर्वांस ठाऊक आहेत, आणि जिन्याबाहेरच्यांना त्यांचा उपयोग नाही.

प्रथम बोक्याविषयी. मूलबाळ नसलेल्या घरात एक पिवळा बोका येतो, पहिल्या दिवशी दारात बसतो, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत बसतो आणि नंतर खुर्ची कोणाची याबद्दल वाद उरत नाही. मी संध्याकाळी घरी उरलेले मसुदे लिहायला बसलो की तो टेबलावर उडी मारून नेमका कोऱ्या कागदावर बसे. कित्येक पक्षकारांच्या अर्जांवर त्याचे केस गेले आहेत आणि ते अर्ज मंजूरही झाले आहेत.

पुढे तो पाणी अतोनात पिऊ लागला. खाई भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागे. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला, जणू म्हातारा माणूस सपाता ओढत चालला आहे. डॉक्टरांनी रक्त तपासून साखरेचा आजार सांगितला. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, तेही आधी पोटभर खाऊ घालून मगच. दूध-पोळी बंद, बिनमिठाचे उकडलेले चिकन सुरू. पत्नी त्याला मांडीवर धरी, मी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई देई. ज्या हाताने मी आयुष्यभर लोकांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर टेकवले, त्याच हाताने मी त्याच्या कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब साखर मोजायच्या पट्टीवर घ्यायला शिकलो. हे काम मी उत्तम करतो, असे खुद्द डॉक्टरांनी म्हटले आहे. हळूहळू त्याच्या टाचा पुन्हा उचलल्या गेल्या. एके संध्याकाळी तो टेबलावर चढून अर्जावर बसला, तेव्हा पत्नीने देवापुढे साखर ठेवली आणि मग, बोक्याचा आजार आठवून, ती उचलून डब्यात परत टाकली.

अशा वेळी आमचा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला तो टेम्पोत घालून घेऊन गेला, आणि सणांचे दिवस असल्याने परत आणीना. इन्सुलिन थंड ठेवणे भाग होते. सबब मी समोरचे दार वाजवले.

काकू म्हणाल्या, "मांजराला इंजेक्शन? उद्या चष्मा लावाल."

मी म्हणालो, "लागला तर लावू. आपल्या फ्रिजात एवढा डबा राहील का?"

"राहील की. आमचा फ्रिज काय सोन्याचा आहे? दारातल्या कप्प्यात ठेवा."

मी आभार मानले. औषधाची माहितीही दिली, कारण कोणाच्या घरात वस्तू ठेवायची तर ती काय आहे हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ते डुकराच्या इन्सुलिनपासून बनवतात, उष्णतेने बिघडते, हे दोन्ही सांगितले. काकूंनी "असं होय" एवढेच म्हटले. हे शब्द मी येथे नोंदवून ठेवतो.

सकाळ-संध्याकाळ पत्नी जाऊन डबा आणी व परत ठेवून येई. गौरी आल्या त्या दिवशी मात्र सून डबा घेऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, "आत येऊ नका, सोवळं आहे." ते आम्ही मान्य केले. कोणाच्या सोवळ्यात पाय घालण्याची आमची रीत नाही. परंतु डबा हाताला कोमट लागला.

पत्नीने दारातूनच विचारले, "काकू, डबा गार नाही लागत?"

आतून, पुरणाच्या वासातून, उत्तर आले, "अगं, सकाळपासून फ्रिजचं दार सारखं उघडतंय. सोळा भाज्या आहेत. गार राहणार कसा?"

असे तीन दिवस चालले. गौरी गेल्या, डबा पुन्हा गार येऊ लागला, आणि बोका ढासळू लागला. पाणी पुन्हा सुरू, टाचा पुन्हा जमिनीला. आम्ही मात्रा चुकवली नव्हती, खाणे चुकवले नव्हते. डॉक्टरांनी कानाचे रक्त पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मात्रा वाढवली. आठवड्याने पुन्हा वाढवली. त्यांच्याजवळ दुसरे कोणतेही कारण नव्हते, कारण खरे कारण आम्हालाच कोणी सांगितलेले नव्हते.

मग ती बाटली संपली. आमचा फ्रिज दुरुस्त होऊन आला होता. मी नवी बाटली आणून आमच्याच फ्रिजात ठेवली आणि सकाळी वाढवलेली मात्रा दिली.

जुनी बाटली मेलेली होती आणि नवी जिवंत. मेलेल्या औषधाच्या हिशेबाने वाढवलेली मात्रा जिवंत औषधातून गेली. मी कचेरीला निघण्यासाठी चपला घालत होतो, तोच बोका भिंतीला घासत, डोके एका बाजूला टाकून आला, कोलमडला आणि चारही पाय झाडू लागला. पत्नीने मध आणून त्याच्या हिरड्यांना चोळला. ती एकसारखी म्हणत होती, "अहो, रिक्षा बघा, रिक्षा बघा." मी एका पायात चप्पल घालून रस्त्यावर गेलो.

तो वाचला. परंतु घरी आणल्यावर मी त्याच्या डोळ्यांपुढे बोट हलवले, तेव्हा पापणी हलली नाही. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली की मेंदूला मार बसतो, दृष्टी कधी परतते, कधी नाही. आमच्या बोक्याची परतलेली नाही. जुन्या बाटलीविषयी त्यांनी विचारले, "ही कुठे गरम जागी राहिली होती का?" मी ठामपणे नाही म्हणालो.

चारेक दिवसांनी जिन्यात सूनबाई पत्नीजवळ थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, मला झोप येत नाही हो. तो डबा तीन दिवस गॅसवरच्या फळीवर होता. खाली पुरण शिजत होतं. आईंनी काढायला लावला होता."

मी तडक समोर गेलो. काकूंनी नाकारले नाही, हे त्यांच्या बाजूने लिहितो. त्यांनी त्याहून वाईट केले.

"हो, काढला. डुकराचं औषध ना ते? गौरीचा नैवेद्य त्याच्या शेजारी ठेवू?"

"मग मला सांगायचे होते. मी बर्फात ठेवले असते, विहिरीत सोडले असते."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता. सणाच्या दिवशी मला वाद नको होता."

"काकू, तो आंधळा झाला."

"अहो, मांजरच ना ते," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले. आपटले नाही. हळूच लावले.

मी पोलीस चौकीत गेलो. तेथील हवालदाराने माझा अर्ज वाचला, अक्षराची स्तुती केली आणि विचारले, "मांजर मेलंय का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग काका, घरी जा, त्याला दूध पाजा." दूध त्याला चालत नाही, हे मी त्याला सांगितले नाही. असल्या माणसाला काय सांगावे?

यानंतर न्याय माझ्या टेबलापर्यंत आपल्या पायांनी चालत आला. निवडणुकीच्या याद्या लागल्या आणि काकू त्यात मयत निघाल्या. मतदानाच्या दिवशी सकाळी रांगेत पहिल्या उभ्या राहून शाईचे बोट आठवडाभर मिरवणाऱ्या काकू! त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवरून अर्ज केला, तो नामंजूर होऊन आला. मग एके दुपारी, सुनेला घेऊन, त्या कचेरीबाहेर माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"आपण हयात आहात, याचा पुरावा काय?" मी विचारले.

"मी समोर उभी आहे की!"

"ते मला दिसते. कागदाला दिसत नाही."

"म्हणूनच तर आले. लिहा."

मी पेनाचे टोपण लावले. म्हणालो, "काकू, यादीतले एक नावच ना ते."

सून खाली पाहू लागली. काकूंचा चेहरा पांढरा झाला, आणि मला जे समाधान वाटले ते मी लपवीत नाही. त्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या. पण कचेरीबाहेरच्या आमच्या अर्जनवीसांच्या कट्ट्याचा शिरस्ता आहे: एका टेबलाशी पक्षकाराचा वाद असेल, तर तो मिटेपर्यंत दुसरे टेबल त्याचा कागद घेत नाही. माझ्या शेजाऱ्याने नम्रपणे सांगितले, "आजी, तुमचं काम यांच्याकडं हाय. यांनी सोडलं तर आम्ही घेऊ." पुढच्याने तेच सांगितले, आणि त्याच्या पुढच्यानेही. उन्हात पदर डोक्यावर घेऊन त्या टेबलांची ती ओळ संपेपर्यंत चालत गेल्या. मी वळून पाहत होतो. यावरून कोणी मला दुष्ट म्हणेल तर म्हणो.

पत्नी म्हणते, "आता पुरे करा. म्हातारं माणूस आहे." मी तिला बोक्याकडे बोट दाखवतो. तो आजही टेबलाच्या पायाशी येतो, मान वर करतो, उडीच्या तयारीने मागचे अंग हलवतो आणि उंचीचा अंदाज न आल्याने तसाच खाली बसून राहतो. हे रोज घडते. रोज पाहणारा मी आहे, पत्नी त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात जाते.

सबब सदर काकूंना या निवेदनाद्वारे विनंती करण्यात येते की, औषध आपण कोणास न सांगता बाहेर ठेवले, विचारल्यावर खोटे कारण दिले, आणि त्यामुळे एका जिवाची दृष्टी गेली, हे आपण लेखी मान्य करावे किंवा अमान्य असल्यास तसे लेखी कळवावे. "मांजरच ना ते" हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. आपले उत्तर प्राप्त होताच आपण हयात असल्याबाबतचा अर्ज मी स्वहस्ते लिहून देईन. तोपर्यंत, माझ्या टेबलापुरत्या, आपण मयतच आहात.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
तक्रारदार, समोरचे दार.