बांबू आम्ही तोडले

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मांडीवर चार महिन्यांची मुलगी होती, त्या वर्षी वैनगंगा आमच्या घरात आली.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. दोन दिवस वारा आणि पाऊस असा होता की बाहेर उभं राहवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, म्हणून मी चुलीवर पेज ठेवली. नदी आमच्या घरासमोर, चार बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सोडून. लक्ष सगळ्यांचं तिकडेच. पाणी आलं ते मागून, नाल्यातून, उलटं चढत. मांजर कपाटावर चढलं तेव्हा मी वळून पाहिलं, तर परसातली चप्पल तरंगत होती.

सासूनं मुलीला माझ्या पाठीशी पदरानं बांधलं. सासूला मी ‘बाई’ म्हणत असे. नवऱ्यानं बैलांचे दोर कापले. आम्ही टेकडीच्या वाटेला लागलो तेव्हा गुडघाभर पाणी होतं, टेकडीच्या पायथ्याशी कमरेइतकं. वर पोहोचून मागं पाहिलं. आमच्या गावातली घरं कुडाची, म्हणजे बांबूच्या चिपांचं विणकाम आणि त्यावर मातीचा गिलावा. आधी गिलावा सुटला. मग आतला बांबू उघडा पडला, आणि मग एकेक छप्पर गुडघे टेकल्यासारखं खाली बसलं. बाईही बघत होती. आमचं घर बसलं तेव्हा म्हणाली, “पेज बी गेली,” आणि पुढं चालू लागली.

टेकडीवर गोंडांचा टोला होता, दहा-बारा घरांचा. ती माणसं मोहफुलं, चारोळी घेऊन आमच्याकडे यायची, आम्ही तांदूळ द्यायचो. पण त्यांनी आमच्या अंगणात बसायचं, आणि आम्ही त्यांच्याकडे पाणीही प्यायचं नाही, असा रिवाज. त्या दिवशी एका म्हाताऱ्या विधवेनं आमच्या घरची सगळी माणसं आत घेतली. तिच्याच घराचं अर्धं छप्पर वाऱ्यानं नेलं होतं. उरलेल्या अर्ध्याखाली तिनं आम्हाला झोपवलं आणि स्वतः शेळ्यांजवळ बसली. बाई पहिल्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं तिसऱ्यांदा द्रोण पुढं केला, तेव्हा तिनं घेतला आणि चाटूनपुसून खाल्ला. पुन्हा त्या रिवाजाचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

पाचव्या दिवशी पटवारी बैलगाड्या घेऊन आला आणि आम्हाला दोन कोसांवरच्या मोठ्या गावातल्या शाळेत नेलं. तिथं आम्हाला नवं नाव मिळालं, पूरग्रस्त. भोंगा वाजला की पूरग्रस्तांनी रांग लावायची. रिलीफचा तांदूळ टिनाच्या डब्यानं मापून मिळायचा, वर डाळ. खोटं कशाला सांगू, त्या तांदळानं आमची लेकरं जगली. एक दिवस शहरातून कपड्यांची लॉरी आली. गाठोड्यातून काय निघेल त्याचा नेम नव्हता. बाईच्या वाट्याला कोणा वकिलाचा काळा कोट आला. तिनं तो शाळेच्या आवारात कुडकुडणाऱ्या एका शेळीच्या पिल्लाला पांघरला.

शाळेचा कारभार एका नायब तहसीलदाराकडे होता. माणूस वाईट नव्हता. पोरांना ताप आला तर स्वतः कंपाउंडरला घेऊन यायचा. पण त्याचे नियम होते. धान्य शाळेत राहील त्यालाच. पुरुषांनी वाहून गेलेल्या सडकेवर गिट्टी फोडायला जायचं. त्याप्रमाणे माझा नवरा, दीर, गावातले सगळे बाप्ये आठ कोसांवर गेले. शाळेत आम्ही बाया, लेकरं आणि म्हातारे उरलो.

पाणी उतरलं. गावाकडून आलेल्या एकानं सांगितलं की बांध्यांमध्ये वीतभर गाळ बसला आहे, काळाभोर. धान तर गेलंच होतं. पण त्या गाळात ओल आहे तोवर लाखोळी फेकली असती, जवस पेरला असता, तर वर्षाची डाळ आणि तेल हाती लागणार होतं. ओल महिनाभरही टिकत नाही. गावात राहायचं तर घर हवं, आणि घराला बांबू हवा.

बाई त्या नायब तहसीलदाराच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मी मुलीला घेऊन तिच्या मागं.

“साहेब, आमाले बांबू द्या.”

“बांबू जंगल खात्याचा, बाई. पावसाळ्यात कटाई बंद असते. परवाना चांद्याहून येईल.”

“कधी?”

“दिवाळीनंतर येईल.”

“आन् लाखोळी?”

साहेब हसला. “सरकार तुम्हाला जेवू घालतंय ना?”

“जेवून राह्यलो,” बाई म्हणाली. “बसून राह्यलो. आमच्या बांध्या कोन पेरन, सरकार?”

साहेबानं चष्मा काढून पुसला आणि पुढच्याला बोलावलं.

पूर्वी मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तेव्हा घराला लागणारा बांबू त्याला सांगून जंगलातून आणता यायचा. मालगुजारी गेली, त्याचा आम्हाला आनंदच झाला होता. पण तिच्याबरोबर जंगलही सरकारजमा झालं, आणि आता कोणाला सांगायचं हेच कळेनासं झालं. बाईनं ते सगळं एका रात्रीत गिळून टाकलं असावं. सकाळी ती वर्गखोल्यांतून फिरली आणि प्रत्येक घरच्या बाईला म्हणाली, “मी गावाले चाल्ली. यायचं त या. नाव कटन, हे ध्यानात ठेवा.”

सतरा जणी निघालो. पटवाऱ्यानं फाटकाशी अडवलं. “परत आल्या तर तांदूळ मिळणार नाही,” असं तीनदा बजावलं आणि यादीवर रेघा मारत गेला. माझ्या नावावरही रेघ मारली. मुलीचं अंगावरचं दूध माझ्या जेवणावर होतं. मी बाईकडे पाहिलं. ती चालत सुटली होती. मीही निघाले.

गाव म्हणजे चिखलाचं मैदान झालं होतं. आम्ही तशाच टेकडीवर गेलो. आमच्या म्हातारीला, हो, तोवर आम्ही तिला आमचीच म्हणू लागलो होतो, सगळं सांगितलं. तिला आमची बोली अर्धी समजे, पण बांबू म्हटल्यावर ती उठली, कुऱ्हाड घेतली आणि पुढं झाली.

जंगलात तिनं आम्हाला दोन दिवस शिकवलं. यंदाचे कोवळे कोंब आणि त्यांच्या शेजारचे बांबू सोडायचे. हात लावून खरखरीत लागेल, ठोकून टणक वाजेल, तोच तोडायचा, आणि तोही बेटाच्या आतून, जमिनीपासून वीतभर ठेवून. मी एका कोवळ्या बांबूवर विळा उगारला तर तिनं माझ्या मनगटावर फटका मारला. अजून आठवतो. एका बेटातून चारपेक्षा जास्त तिनं तोडू दिले नाहीत. अंगभर काटे, हाताला फोड, आणि माझी मुलगी झाडाला बांधलेल्या झोळीत रडून रडून झोपायची.

तिसऱ्या दिवशी मोळ्या बांधल्या. जंगलातून गावाकडे गाडीवाट होती आणि त्या वाटेवर जंगल खात्याचा नाका. म्हातारीनं हातानं दुसरी वाट दाखवली, नाल्यातून, नाक्याच्या मागून. ती सोपी होती आणि जवळचीही. सगळ्या तिकडे वळल्या.

“थांबा,” बाई म्हणाली. “चोरवाटेनं नेलं त चोरी होते. आमी चोर नोहो.”

“बाई, पकडतीन आपल्याले,” मी म्हणाले.

“पकडू दे ना. आपन कुठी पळून राह्यलो?”

भर दुपारी, डोक्यावर मोळ्या घेऊन, आम्ही सतरा जणी आणि ती म्हातारी नाक्यावर गेलो. नाकेदार खाटेवर बसून जेवत होता. तो उष्ट्या हातानंच उठला आणि आडव्या बल्लीपुढं येऊन उभा राहिला.

“परवाना?”

“नाई.”

“मग टाका खाली. केस होईल.”

“कर,” बाई म्हणाली. “आमचं नाव लिही. सगळ्याईचं लिही.”

नाकेदार तरुण होता, एकटा होता. त्यानं अठरा तोंडं पाहिली. “बाई, माझी नोकरी जाईल,” तो हळूच म्हणाला.

“म्हनून त नाव लिही म्हनतो. तू आपलं काम कर, आमी आमचं करतो.”

त्यानं वही आणली. एकेकीनं नाव सांगितलं, बापाचं किंवा नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. जिचं नाव लिहून झालं ती बल्लीला वळसा घालून पलीकडे जायची. त्यानं कोणाला हात लावला नाही. म्हातारीनंही नाव लिहवलं. तिचं छप्पर केव्हाच शाकारून झालं होतं, तरी लिहवलं.

गावात आम्ही आधी एक लांब खोपडं उभं केलं, सगळ्यांसाठी. मग घरं. बांबू चिरायचा, कूड विणायचा, पळसाच्या मुळ्यांच्या वाखानं बांधायचा, गाळाचीच माती लिंपायची. टोल्यातल्या बायकाही आल्या. पेज त्यांच्याच घरून यायची. एका अंगाला भिंती चढत होत्या, दुसऱ्या अंगाला आम्ही उसन्या बियाण्याची लाखोळी चिखलात फेकत होतो. आठवड्याच्या सुट्टीला नवरा चालत आला. त्याच्या कानावर गेलं होतं.

“मले विचारासाठी थांबली नाईस?” तो म्हणाला.

“आठ कोसावर होते तुमी,” मी म्हणाले. “ओल थांबनार होती का?”

त्यानं भिंतीला हात लावून पाहिला. मग कुदळ उचलली आणि दाराच्या बल्लीसाठी खड्डा खणायला लागला.

त्यानंतर चार दिवसांनी रेंजर साहेब घोड्यावरून आला, बरोबर नाकेदार आणि दोन मजूर. जप्तीचा माल न्यायला. साहेबानं गावभर फेरी मारली. बांबू कुठंच पडलेला नव्हता. सगळा भिंतींत होता, ओल्या मातीखाली.

“माल कुठं आहे?” साहेबानं विचारलं.

बाईनं आमच्या घराकडे बोट दाखवलं. “हा काय. न्या उपटून. आत लेकरू निजलं हाय, ते तेवढं उचलू द्या.”

मजूर जागचे हलले नाहीत. साहेब घोड्यावरून उतरला. आत डोकावला. मुलगी खरंच झोपली होती, तोंडावर माशी बसली होती ती त्यानं रुमालानं हाकलली. बाहेर येऊन त्यानं मिशा ओढल्या. मग म्हणाला, “तुमच्यात लिहिता येणारं कोणी आहे?”

मी चौथी शिकले होते. मला पुढं केलं.

“हे बघ मुली,” साहेब मऊपणानं म्हणाला, “कागदावर लिही की हा बांबू पुरात वाहून आला आणि आम्हाला नदीकाठी सापडला. सगळ्यांचे अंगठे घे. मी केस बंद करतो. कोणाला त्रास नको.”

त्यानं पिशवीतून कागद, टाक आणि दौत काढून दिली. मी खाली बसले, गुडघ्यावर कागद ठेवला. सुटकाच होती ती. दोन ओळी लिहायच्या आणि संपलं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. बाई काहीच बोलत नव्हती, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. तिनं ‘नको’ म्हटलं असतं तर मी तिच्या आड लपले असते.

मला माझ्या मनगटावरचा फटका आठवला. बेटामागे चार, वीतभर ठेवून. नाक्यावरची भर दुपार आठवली. वाहून आलेला बांबू! आमच्या हाताचे फोड अजून फुटत होते.

मी लिहिलं: ‘आमची घरे पुरात गेली. बांबू आम्ही तोडले. कोवळे तोडले नाहीत.’ खाली माझं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईनं पुढं येऊन टाकाची शाई अंगठ्याला लावली आणि ठसा उमटवला. मग दुसरी आली, मग तिसरी.

साहेबानं कागद वाचला. “वेड्या आहात,” तो म्हणाला. पण कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि घोड्यावर बसला. मजूर रिकाम्या हातानं मागं गेले.

समन्स थंडीत आलं. कोर्टाचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं. वाटेत मार्कंड्याला देवळाच्या आवारात मुक्काम केला. कोर्टात आमचाच कागद वाचला गेला. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, “हे कबूल आहे?” सतरा जणी आणि म्हातारी एकदम म्हणालो, “हो.” त्यानं चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि कारकुनानं शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं.

आम्हाला वाटलं होतं तुरुंग असेल. आम्ही व्हरांड्यात बसलो. कोणी चिंचोके फोडले, कोणी पत्रावळी लावल्या. पोरं शिपायाच्या पट्ट्याशी खेळली. चार वाजता शिपाई आला, म्हणाला, “जा आता, साहेब निघताहेत.”

“निघताहेत का निघाले?” बाईनं विचारलं.

“निघताहेत.”

“मंग बसतो आमी. शिक्षा पुरी होऊ दे.” साहेबाची टमटम फाटकाबाहेर पडेपर्यंत ती उठली नाही.

त्यानंतर माझ्या संसारात दोनदा पूर आला. दोन्ही वेळा आम्ही आधी नाक्यावर जाऊन सांगितलं की उद्या बांबू तोडायला येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोडले. एकदा पुन्हा कोर्टाच्या व्हरांड्यात बसवलं. दुसऱ्यांदा कोणी बोलावलंच नाही.